मदत हवी आहे: विद्युत क्षेत्र आणि अंतर, घातांक कसा काढावा?

नमस्कार मंडळी. मी परभणीत बी.एस्सी. करतोय. 6 सेंमी व्यासाचा धातूचा गोळा 5 किलोव्होल्टच्या सप्लायला जोडून फील्ड मीटरने रीडिंग घेतले. गोळ्याच्या पृष्ठभागापासून 10, 20, 40 सेंमीवर अनुक्रमे 9.0, 2.9, 0.85 किलोव्होल्ट प्रति मीटर मिळाले.

क्षेत्र आणि अंतर यांच्या लॉग-लॉग आलेखाचा (दोन्ही अक्षांवर लॉगॅरिथम) उतार, म्हणजेच घातांक, −1.7 येतो. प्रत्येक अंतरात त्रिज्येचे 3 सेंमी मिळवून केंद्रापासून मोजलं, की तो जवळपास −2 होतो. हे पटतं, कारण गोळ्याबाहेरचं क्षेत्र केंद्रातल्या बिंदूप्रभारासारखंच असतं. पण परीक्षकांना असं वाटू नये, की उत्तर माहीत होतं म्हणून 3 सेंमी घुसवले.

म्हणून क्षेत्राच्या वर्गमुळाचा व्यस्त आणि पृष्ठभागापासूनचं अंतर असा आलेख काढला. सरळ रेष आली आणि ती अंतराच्या अक्षाला −3.2 सेंमीला छेदते. म्हणजे त्रिज्या आकड्यांतूनच निघाली! मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पण यात व्यस्त वर्गाचा नियम (क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे घातांक −2) आधीच गृहीत धरला जातो ना? मग घातांक आणि अंतरातली भर दोन्ही एकदम कसे काढायचे? त्यासाठी किती रीडिंग लागतील? शिवाय मीटरच्या धातूमुळे जवळचं, म्हणजे 10 सेंमीचं रीडिंग बिघडत असेल का? आमच्याकडे एकच मीटर आहे, त्यामुळे ताडून पाहता येत नाही. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.