फिरती कटिंग मॅट: १२ इंची की १७ इंची? की पैसे वाचवू?

परळची_सुईदोरा:
नमस्कार मंडळी. हाताच्या धावदोऱ्याच्या गोधड्या आईकडे शिकले, मशीनवर ब्लॉक म्हणजे गोधडीचे चौकोनी तुकडे जोडायला लागून मात्र जेमतेम दोन वर्षं झालीत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. भाचीला जानेवारीत बाळ होणारे, त्याच्यासाठी दोनरंगी त्रिकोणांच्या चौकोनांची म्हणजे एचएसटीची ४८ बाय ४८ इंची गोधडी घेतलीय. १२ ओळी, ओळीत १२ ब्लॉक, ट्रिम करून साडेचार इंच आणि पाव पाव इंच माया आत गेली की ४. हिशोब केला आणि हबकलेच, १४४ ब्लॉक गुणिले चार बाजू म्हणजे ५७६ काप! वीस झाले आणि मनगट बोंबललं. त्यात दोन बाजू कापून ब्लॉक उचलून फिरवला की तो सरकतो, पुन्हा पट्टी लावा, पुन्हा जुळवा.

आत्ता माझ्याकडे ए थ्री साइजची साधी मॅट आणि ४५ एमएमचा रोटरी कटर (गोल पात्याचा) आहे. टेबल घडीचं, दोन फूट बाय साडेतीन, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मशीन, परळच्या घरात याहून जास्त जागा निघत नाही. ऑनलाइन फिरत्या मॅट, म्हणजे ब्लॉक न उचलता मॅटच गोल फिरवायची, बघितल्या, किंमत बघून डोळे पांढरे झाले. खरंच उपयोग होतो का? होत असेल तर १२ इंची घेऊ की एकदाच काय ती १७ इंची?

चिंध्यांचा_डोंगर:
उपयोग होतो, पण कशाला होतो ते आधी समजून घे, कारण अर्ध्या लोकांचा इथेच पोपट होतो. ही मॅट फक्त ट्रिमिंगसाठी. मंगलदास मार्केटमधून आणलेलं ४४ इंची कापड घडी घालून पट्ट्या काढायच्या तर साधी मोठी सपाट मॅटच हवी, फिरती मॅट उंच असते, चाकतीवर बसवलेली, कापड चारी बाजूंनी लोंबतं आणि कोपऱ्यावर भार दिला की कलंडते. तुझी ए थ्री काढून टाकू नकोस.

ट्रिमिंगला मात्र सुख आहे. पट्टीवरची ४५ अंशांची तिरपी रेघ शिवणीवर बसवायची, उजवी बाजू काप, वरची काप, मग ब्लॉकला हातही न लावता मॅट अर्धी फिरव, साडेचारच्या रेघा नुकत्याच कापलेल्या दोन कडांवर ठेव आणि उरलेल्या दोन बाजू उडव. मी चार वर्षं १२ इंची वापरतेय. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या हा पोळपाट कशाला घेतलास, घरात दोन आहेत की. आता त्याच माझे ब्लॉक ट्रिम करून देतात, सिरियल बघता बघता.

साइजचं म्हणशील तर तुझा सगळ्यात मोठा ब्लॉक आणि त्यावरची पट्टी दोन्ही मॅटवर मावली पाहिजे. साडेचारच्या ब्लॉकला साडेसहाची चौकोनी पट्टी, १२ इंचीवर आरामात. साडेबारा इंची ब्लॉक करायचे असतील तर १२ ची नाही चालणार, कडेला पातं हवेत जातं. ऑल्फा कंपनीच्या १२ आणि १७ येतात, फिस्कर्सची १४ असते.

डावखुरा_डोंबिवली:
वरचं सगळं मान्य, पण ताई एक गोष्ट राहिली. मॅट चौकोनी असते आणि फिरते गोलात, म्हणजे तिला जागा लागते कर्णाएवढी. १२ इंचीला जवळपास १७ इंच, १४ ला २० आणि १७ इंचीला २४ इंच मोकळा गोल पाहिजे. तुमचं टेबलच दोन फुटी आणि मागे भिंत, म्हणजे १७ इंचीचा कोपरा भिंतीला टेकूनच फिरणार आणि शेजारी मशीन असेल तर विसराच. विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा १७ बाय १७ चौकोन कापा, मधोमध टाचणी टोचून टेबलावर फिरवून बघा. मी हे न करता मोठी घेतली होती, आता ती डायनिंग टेबलावर असते आणि जेवायच्या वेळी रोज शिव्या खाते.

बाय द वे, माझ्यासारखे जे डावखुरे आहेत त्यांनी उजवीऐवजी डावी बाजू कापायची, बाकी सगळं तसंच.

केक_आणि_कापड:
एवढा खर्च कशाला, मी केकच्या आयसिंगचं टर्नटेबल घेते आणि त्यावर ए फोरची मॅट दोन बाजूंच्या चिकटपट्टीने बसवते. चाललंय माझं.

चिंध्यांचा_डोंगर:
@केक_आणि_कापड मी पण केलंय हे, म्हणून सांगते. टर्नटेबल क्रीम लावायला असतं, कटरच्या दाबाला नाही. उंची इतकी की खांदा वर करून कापावं लागतं, आणि चाकतीबाहेर आलेला मॅटचा कोपरा दाबाने खाली जातो, पट्टी घसरली की पातं थेट बोटाकडे. दहा ब्लॉकला ठीक, १४४ ला नको.

गिरगाव_काकू:
मुली, मॅट घे नाहीतर नको घेऊस, पण आधी ५७६ चे २८८ कर. ब्लॉक उघडायच्या आधीच ट्रिम करायचा. दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंनी शिवून, मधून कापून झालं की त्रिकोण मिटलेलाच ठेव, इस्त्री करू नकोस. चौकोनी पट्टीचा शून्याचा कोपरा त्रिकोणाच्या काटकोनाकडे येऊ दे आणि पट्टीच्या दोन्ही कडांवरची साडेचारची खूण बरोबर शिवणीच्या धाग्यावर आण, म्हणजे घडीवर नाही हं, शिवणीवर. मग पट्टीच्या त्या दोन कडांनी कापलं की झालं. मग उघड, इस्त्री कर, कोपऱ्याबाहेर डोकावणारे दोन कान छाट. चार कापांच्या जागी दोन, आणि उरेब म्हणजे तिरकी शिवण मिटलेलीच असल्यामुळे ताणली पण जात नाही. धाग्याची जाडी म्हणून खूण केसभर आत धर, माझे पहिले दहा कमी भरले होते.

यालाही फिरती मॅट बरी पडते, पण नसली तरी अडत नाही.

आणि मॅट घेतलीस तर उष्णतेला जप. गरम डबा, चहाचा कप, नुकताच इस्त्री केलेला ब्लॉक, काही म्हणजे काही तिच्यावर ठेवायचं नाही. खिडकीतल्या उन्हात राहिली तरी वाकते. माझी पहिली मॅट, नाव घेत नाही कोणाची, मे महिन्यात गॅलरीत राहिली, संध्याकाळी पापडासारखी. वजन ठेवलं, पलटून ठेवली, कधीच पूर्ण सरळ झाली नाही.

डावखुरा_डोंबिवली:
काकू ग्रेट. मी आठ वर्षं चार बाजू कापतोय, माझा जन्म वाया गेला.

त्यातच अजून भर, फिरत्या मॅटवर आपण ब्लॉक नेहमी मधोमध ठेवतो म्हणून तेच तेच चर कापले जातात, सेल्फ हीलिंग (काप आपोआप मिटणारी) असली तरी तिलाही मर्यादा आहे. ब्लॉक कधी इकडे कधी तिकडे ठेवायचा. चरात कापडाचा भुगा बसला की खोडरबर फिरवा, निघतो. आणि कापताना दर साडेपाच इंचांवर एक धागा न कापता राहत असेल तर मॅटचा दोष नाही, ४५ एमएमच्या पात्याचा घेर तेवढाच आहे, पात्याला एका जागी दाता पडलाय, पातं बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाती गंजतात पण, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो मी.

परळची_सुईदोरा:
पुठ्ठा फिरवला. १७ इंची भिंतीला घासली आणि मशीनला तर धडकलीच, १२ इंची मशीन चार बोटं सरकवल्यावर मोकळी फिरली. १७ चा विषय संपला.

काकूंच्या पद्धतीने काल रात्री ३० ब्लॉक केले, साध्या ए थ्रीवर. पहिले चार छोटे भरले, केसभर आत म्हणजे किती ते हाताला कळेपर्यंत, मग जमलं. मनगट आज ठीक आहे. एक गंमत म्हणजे मिटलेला त्रिकोण कापताना मी मॅटच हाताने फिरवत होते, टेबल सन्मायकाचं असल्याने खाली जुना फ्लॅनेलचा तुकडा टाकला तर ए थ्री तशीच गरकन फिरते, फक्त कापताना एका हाताने दाबून धरावी लागते. बाकीचे ब्लॉक असेच करणार. मॅट बहुतेक पुढच्या गोधडीला, १२ चीच, फक्त ती कुठे प्रत्यक्ष हातात घेऊन फिरवून बघता येईल का? अब्दुल रहमान स्ट्रीटला दोन दुकानांत विचारलं, साध्या होत्या, फिरत्या नव्हत्या.

गिरगाव_काकू:
आमच्याकडे ये, माझी बघ. रविवारी नको, मंगलदास बंद असतं, शनिवारी आलीस तर अस्तराचं कापडही बघून होईल. आणि ते चार छोटे ब्लॉक टाकू नकोस, बाळाच्या उशीला होतील.