मदत हवी आहे: सहमती ९० टक्के, तरी कॅप्पा फक्त ०.२३

मुलाखतींच्या १०० उताऱ्यांचं दोन जणांनी स्वतंत्रपणे कोडिंग केलंय, म्हणजे प्रत्येक उताऱ्यात ठरावीक मुद्दा आहे की नाही हे ठरवलंय. कोड एकच, 'आहे' किंवा 'नाही'. दोघांचं 'आहे' ८८, दोघांचं 'नाही' २, मतभेद १० (दोन्ही बाजूंनी ५-५). कोहेनचा कॅप्पा (योगायोगाने होणारी सहमती वगळून उरलेली सहमती मोजणारा आकडा) मात्र ०.२३ येतो.

आकडेमोड तपासली आहे, चूक नाही. दोघांचेही ९३ टक्के उतारे 'आहे'मध्ये गेल्याने योगायोगाने होणारी सहमतीच ०.८७ धरली जाते, म्हणजे कॅप्पाला दाखवायला जागाच उरत नाही. ग्वेटचा एसी१ (सहमती मोजणारा दुसरा आकडा, योगायोगाचा हिशोब वेगळ्या रीतीने करणारा) याच तक्त्यावर ०.८९ देतो. पण फक्त तोच छापला तर सोयीचा आकडा निवडल्यासारखं दिसेल, आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

प्रश्न असे: कॅप्पा, एसी१ आणि पूर्ण २×२ तक्ता असं तिन्ही द्यावं का? की 'नाही' प्रकारचे उतारे मुद्दाम जास्त घेऊन नवा नमुना कोड करावा? त्यात मूळ प्रमाण बिघडतं, ही अडचण आहेच.

शिवाय निदान एकाने 'नाही' म्हटलेल्या १२ उताऱ्यांपैकी १० वेळा मतभेद झालाय. हे मला कॅप्पापेक्षा जास्त खटकतं. कोडबुकातली (कोडिंगच्या नियमावलीतली) व्याख्या आधी दुरुस्त करावी का? केली, तर जुने १०० उतारे पुन्हा वापरता येतील की नवेच घ्यावे लागतील?