३०० चिरे पाखाडीवरून खाली न्यायचे आहेत, कंबर कशी सांभाळावी?

माडाची_वाडी (रत्नागिरी)
गडग्यासाठी, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणासाठी, जांभ्या दगडाचे ३०० चिरे येतायत. टेम्पो वरच्या रस्त्यापर्यंतच येतो, तिथून परसात यायला पाखाडीच्या २२ पायऱ्या. माणसं चार, त्यातल्या एकाला कमरेचा जुना त्रास. पाऊस लागायच्या आत काम आटपायचंय. चिरा उचलायचा कसा, खाली न्यायचा कसा आणि कंबरपट्टा घ्यावा का, जाणकारांनी कृपया सांगावं.

जांभाखडक
आधी वजन बघा. १४ इंची चिरा तीसेक किलोचा. खाणीतून नुकता काढलेला किंवा भिजलेला असेल तर आणखी जड, जांभा पाणी धरून ठेवतो. म्हणजे एकूण नऊ टन, चौघांत माणशी सव्वादोन टन. एका दिवसात संपवायचा हट्ट नको, तीन दिवस धरा.

अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात ओझं अंगालगत, कमरेच्या आसपास आणि कुठेही न वळता उचलायचं असलं, तरी मर्यादा २३ किलोच धरली आहे. तुमचा चिरा सुरुवातीलाच त्याच्या वर जातो. त्यामुळे नुसतं 'पाठ ताठ ठेवा' म्हणून भागणार नाही. चिरा शक्यतो जमिनीला टेकूच नये अशी सोय करा.

टेम्पोचा फाळका पाडला की हौदा कमरेच्या आसपास येतो. चिरा कडेपर्यंत सरकवत आणा आणि पोटाशी लावूनच उचला. पाखाडीच्या मध्यावर रुंद पायरी असेल तिथे वाट सोडून चिऱ्यांचाच ओटा रचा. सात इंची चार थर झाले की २८ इंच उंची मिळते. वरचे दोघे तिथवर आणतील, खालचे दोघे तिथून नेतील. खालच्यांनी फक्त वरचा थर उचलायचा, ओटा उपसत खाली जायचं नाही. तळाचा थर रचताना वाकावं लागणारच, तेवढे चिरे दोघांनी मिळून ठेवा.

फिजिओ_चिपळूण
चिरा पोटाशीच का धरायचा, त्याचं कारण सांगते. पाठ सरळ करणारे स्नायू मणक्याच्या चकतीपासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. ३० किलोचा चिरा चकतीपासून ५० सेंटीमीटर पुढे धरला, तर तो तोलायला स्नायूंना जवळपास ३०० किलोइतकी ओढ लावावी लागते, वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तोच २५ सेंटीमीटरवर आणला की ओढ निम्मी होते. ही सगळी ओढ कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर दाब म्हणून येते. सगळ्यात वाईट म्हणजे वाकलेलं असताना पिळणं, म्हणजे पाय जागेवर ठेवून फक्त कंबर वळवणं. पाय उचलून वळा.

उठल्या उठल्या कामाला लागू नका. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, वाकल्यावर जास्त ताणल्या जातात. तासभर चालणं-फिरणं झाल्यावर सुरू करा.

पट्ट्याने इजा टळते असा भरवशाचा पुरावा नाही आणि पट्टा आहे म्हणून माणूस जास्त वजन उचलतो, तो धोका वेगळाच. ज्यांना जुना त्रास आहे त्यांना उचलायला लावूच नका. रचाईची ओळ बघणं, पायऱ्या झाडणं, पाणी देणं एवढंच त्यांच्याकडे द्या.

माडाची_वाडी
जमिनीवर पडलेला उचलायची वेळ आलीच तर? आणि पायऱ्यांवर फळ्या टाकून घसरवत सोडले तर चालेल का?

जांभाखडक
फळ्या नकोत. उतारावर वेग आलेला चिरा हाताने थांबत नाही, खालच्याचा पाय जाईल आणि चिऱ्याच्या कडाही फुटतील.

आडवा पडलेला चिरा सरळ उचलू नका. आधी एका टोकाला धरून उभा करा, सात इंचांऐवजी चौदा इंचांवर हात पोचतात. दोन्ही पाय त्याच्या दोन बाजूंना, एक पाऊल किंचित पुढे. गुडघे आणि खुबे वाकवून एक हात तळाच्या अलीकडच्या कडेखाली, दुसरा वरच्या पलीकडच्या कोपऱ्यावर. चिरा स्वतःकडे कलवून मांडीवर घ्या, पोटाशी आणा, मग उठा. झटका देऊ नका.

हातमोजे घ्याच, जांभ्याने बोटं सोलली की पकड सुटते. स्लीपर घालून पाखाडी उतरू नका. आदल्या दिवशी वाळकी पानं आणि शेवाळ खरवडून काढा.

हापूसबाग_देवगड
डोक्यावरून नेणाऱ्यांसाठी: चुंबळ जाड हवी, चिरा डोक्यावर दोघांनी चढवायचा आणि दोघांनीच उतरवायचा. ओझं मणक्याच्या रेषेत येतं म्हणून कमरेला हलकं जातं, पण सगळा भार मानेवर. उतरताना खालची पायरीही दिसत नाही. सवय नसलेल्याने हे करू नये. आंब्याच्या क्रेटलाही ओट्याचाच नियम: तळाला एक रिकामं उलटं क्रेट ठेवून त्यावर भरलेली रचा, छातीच्या वर नेऊ नका.

माडाची_वाडी
एवढं करूनही उसण भरलीच तर?

फिजिओ_चिपळूण
त्या दिवसाचं उचलणं तिथेच बंद. अंथरूण धरून बसू नका, सोसेल तेवढं चालत राहा. शेक बरा वाटला तर घ्या, जोरात चोळून किंवा पाठीवर पाय देऊन घेऊ नका. मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत-बैठकीला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्या. अशा वेळी कमरेतली नस दबलेली असू शकते आणि उशीर झाला तर ताबा परत येईलच असं नाही.