संपवाल्या कंपनीचं तिकीट काढू नका म्हणे! मग आम्ही जायचं कशानं?

दारव्ह्याचा मास्तर

काल इथं एका भाऊंनी लिहिलं की ज्या विमान कंपनीचा केबिन क्रू संपावर जातो तिच्यावर कायमची फुली मारा, पुढचं तिकीट दुसरीचं काढा, प्रवाशांनी एकदा हिसका दाखवला की 'हवाई सुंदऱ्यांची मस्ती' उतरेल. खाली कितीतरी जणांनी माना डोलावल्या. वाचून डोकं भणाणलं, म्हणून सविस्तर लिहितो.

फुली मारायची तर दुसरी कंपनी असावी लागते. अमरावतीच्या बेलोऱ्यावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, ते एकट्या अलायन्स एअरचं, आणि तेही रोज नाही. यवतमाळला धावपट्टी आहे, विमान नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आहे. उरलं नागपूर. तिथूनही जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलात बंद पडून गेली, गो फर्स्ट २०२३ च्या मेमध्ये. दारव्ह्याहून नागपूरचं सोनेगाव विमानतळ गाठायलाच चार तास जातात. एवढं करून पोचलेल्या माणसाला 'दुसरी कंपनी निवड' म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या फाट्यावर पहाटे उभं राहून पाहावं.

आता संपाचं. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूनं एका रात्रीत आजारपणाच्या रजा टाकल्या. ८ तारखेला विमानं धडाधड रद्द झाली. कंपनीनं २५ जणांना काढलं, आणि ९ तारखेला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड होऊन त्यांना परत घेतलं. आता सांगा, महिनाभर आधी तिकीट काढलेल्या माणसानं त्या रात्री काय निवडायचं? कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार क्रूनं संप केला, तो ७२ तासांची नोटीस देऊन. तिथल्या माणसाला निदान हातपाय हलवायला वेळ मिळाला.

आणि मस्ती कसली? कॅनडातलं मुख्य भांडणच हे होतं की प्रवासी चढवणं, जमिनीवरची तपासणी, या वेळेचे पैसेच मिळत नाहीत. एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये भत्त्यांचा आणि एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) या कंपनीशी चालू असलेल्या विलीनीकरणातल्या असमान वागणुकीचा वाद होता. लेकरागत वय असलेल्या पोरी राबतात, त्यांना मस्तीखोर म्हणताना जीभ कशी वळते?

माझं म्हणणं असं. संपाच्या भीतीनं आम्हा खेड्यातल्यांची कंपनी बदलत नाही, निघायचा दिवस बदलतो. एक दिवस आधी निघा, नागपुरात मुक्काम करा, वर बडनेऱ्याहून रेल्वेचं तिकीट काढून ठेवा. मी तसंच करतो. हा खर्च कोणी मोजत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात न कळवता विमान रद्द केलं तर नागपूर-मुंबईसारख्या दीड-दोन तासांच्या फेरीला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते द्यायचं आहे. पण संप आणि कामगार तंटा त्यातून वगळलाय! भांडण मालक आणि नोकराचं, भुर्दंड दारव्ह्याच्या माणसाला. हिसका दाखवायचा तर त्या ओळीला दाखवा.

मेहकरवाला

मास्तर, फुलीवाला मीच. आणि ती पुसणार नाही.

माझा लहान भाऊ मस्कतला इलेक्ट्रिशियन आहे. आई आजारी म्हणून आला होता. परत जाताना आम्ही मेहकरवरून ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून त्याला मुंबईला सोडलं. विमानतळावर काउंटरला सांगितलं, विमान रद्द, क्रू नाही. पुढचं कधी, उत्तर नाही. खायला नाही, झोपायला जागा नाही. त्याचा ड्यूटीवर हजर व्हायचा दिवस टळला, मालकानं पगार कापला. तो फोनवर रडला, मास्तर. तीस वर्षांचा बाप्या रडला. तुम्हाला क्रूच्या पोरी दिसतात, माझा भाऊ कोणाला दिसत नाही.

त्यांच्या मागण्या खऱ्या असतील. पण रात्री फोन बंद करून 'आजारी' पडायचं, याला संप म्हणत नाहीत, दगा म्हणतात. त्यानंतर त्या कंपनीचं तिकीट आमच्या घरात कोणी काढलेलं नाही. दुसरीचं महाग पडतं, तरी काढतो. दहा घरांनी असं केलं तर कंपनी आपल्या माणसांना नीट वागवायला शिकेल. तुम्ही म्हणता त्या ओळीला हिसका कोण दाखवणार? आमच्या हातात तिकीट आहे, तेवढंच आहे.

आर्वीचं तिकीट सेंटर

मी रोज तिकिटं काढून देतो, म्हणून बोलतो. संप झाला की आठ-पंधरा दिवस लोक विचारतात, 'भाऊ, हे रद्द तं नाही होणार ना?' त्यानंतर पुन्हा एकच प्रश्न, सगळ्यात स्वस्त कोणतं? ज्यांनी शपथा घेतल्या तेच लग्नसराईत हजार रुपये वाचतात म्हणून त्याच कंपनीचं तिकीट काढून नेतात. मेहकरवाल्यांसारखे टिकून राहणारे विरळा.

बदल होतो तो दुसरीकडे. पहाटेचं विमान लोक मागायला लागलेत, म्हणजे रद्द झालं तर दिवस हातात राहतो. परदेशी जाणारे नागपूर-मुंबई आणि पुढचं, दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, मागतात. वेगवेगळी काढली आणि पहिलं रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं, ते तिकीट बुडालंच.

वरुडची संत्री

राजेहो, तुमी विमानाचं काय घेऊन बसले? संप म्हंजे काय थे आमाले यस्टीनं दाखवलं. २०२१ च्या दिवाळीत बंद झाली थे २०२२ च्या एप्रिलापर्यंत रुळावर आलीच नाही. माही पोरगी गावातून वरुडले कॉलेजात जाये. पास काढेल होता, थो तसाच वाया. काळीपिवळीवाला कोंबून नेये, भाडं मनाला येईन थे. शेवटी म्या पोरीचं कॉलेज घरीच बसवलं. तिचं वर्ष गेलं. दिवाळीतच संप काहून? आमाले अडवाले ना! २०१७ मंदी बी दिवाळीतच केला. २०२४ मंदी गणपतीच्या तोंडावर. क्रूवाले बी तसेच अन् डेपोवाले बी तसेच. ज्याच्यापाशी दुसरं साधन नाही त्याचीच मान दाबतात.

डेपोवाली

संत्रीवाले दादा, माझे मालक कंडक्टर आहेत. पाच महिने आमच्या घरी पगार आला नाही. किराणावाल्यानं उधारी बंद केली. निलंबनाचा कागद आला त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. त्या संपात राज्यभर कितीतरी कर्मचाऱ्यांनी जीव दिला, ते पेपरात आलं होतं, तुम्ही वाचलं असेलच. दिवाळी आम्हालाही होती. आमच्या लेकरांनी त्या वर्षी नवे कपडे घातले नाहीत.

तुमच्या मुलीचं वर्ष गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मान दाबली म्हणता, ती कोणी दाबली? संप नसताना जी गाडी तुमच्या गावाला मुक्कामी येते तिचा ड्रायव्हर-कंडक्टर कुठं झोपतो, कधी पाहिलं? मूळ पगारात जी वाढ मिळाली ती संपामुळे मिळाली, आणि एसटीचं सरकारात विलीनीकरण मात्र मिळालंच नाही. दिवाळी सोडून मे महिन्यातल्या मंगळवारी संप केला असता तर मंत्र्यांनी दार उघडलं असतं का?

वरुडची संत्री

वैनी, तुमच्या घरचं दुःख खरं आहे, म्या नाही म्हनत नाही. पन माह्या पोरीनं काय घोडं मारलं होतं? तुमी मंत्र्याशी भांडा. मंत्री कारनं फिरते, त्याचं काय अडलं? अडलं माहं. अन् संपानंतर आमच्या रोडच्या दोन फेऱ्या बंदच झाल्या, थ्या आजपर्यंत आल्या नाहीत. सवारी तुटली थे तुटली. पोट्ट्यांनी कर्ज काढून मोटरसायकली घेतल्या. तुमचाच धंदा तुमी मारला.

डेपोवाली

फेऱ्या आम्ही बंद केल्या? गाड्या भंगारात निघाल्या, नव्या आल्या नाहीत, हे डेपोत येऊन विचारा! दरवेळी कंडक्टर समोर दिसतो म्हणून त्याच्यावर ओरडायचं. आणि ट्रॅव्हल्सवाल्यांनी लुटलं तेव्हा तुम्ही कोणाला जाब विचारला? २०१८ साली सरकारनंच ठरवून दिलं आहे की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या पोरांना विचारा काय मोजतात ते. तो कायदा मोडणारे चालतात, संप करणारे डोळ्यात खुपतात.

मेहकरवाला

ट्रॅव्हल्सचं नाव काढलं म्हणून सांगतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर ट्रॅव्हल्स जळाली, २५ माणसं गेली. आमच्या तालुक्याला लागूनच. तरी दुसऱ्या आठवड्यात त्याच रस्त्यानं ट्रॅव्हल्स भरून जात होत्या. कारण पुण्याला जायला आम्हाला तेच आहे. तेव्हा कळतं की निवड वगैरे शब्द शहरातल्यांचे.

दारव्ह्याचा मास्तर

मेहकरवाले, मग मी वेगळं काय बोललो? वर तुम्हीच म्हणालात, आमच्या हातात तिकीट आहे. आता म्हणता निवड शहरातल्यांची. दोन्हीतलं एक धरा.

मेहकरवाला

दोन्ही धरतो. पुण्याला निवड नाही. मुंबईहून मस्कतला आहे, तिथं वापरतो. मास्तरकी इथं करू नका.

दारव्ह्याचा मास्तर

मास्तरकी नाही भाऊ, तळमळ आहे. माझ्या गावाला रेल्वे होती, शकुंतला. तीही बंद पडली. ज्या भागात एकेकच साधन उरतं तिथं मालक आणि कामगार दोघांच्याही रागाचा मार प्रवाशाला बसतो, एवढंच मी पोटतिडकीनं सांगतोय. तुमच्या भावाचं ऐकून मलाही वाईट वाटलं. आधी न सांगता रजा टाकणं चूक, हे मी मान्य करतो. क्रूचं म्हणणं योग्य असलं तरी ती पद्धत चूकच.

चिखलीचा वकील

नोटिशीचा मुद्दा निघाला म्हणून थोडं कायद्याचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. त्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. म्हणजे रात्रीतून विमानं बसवणं आता क्रूला कायद्यानं जड जाईल. कामगारांच्या संघटना यावर चिडून आहेत, आणि माझ्या मते त्यांचं चिडणं रास्त आहे. नोटीस दिली की मालक तडजोडीची प्रक्रिया सुरू करून संपच अडवतो.

मास्तरांनी दाखवलेल्या ओळीबद्दल. युरोपात हाच वाद कोर्टात गेला. जर्मनीत टुईफ्लाय या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या फेररचनेवरून अशीच सामूहिक आजारपणाची रजा टाकली होती. २०१८ साली युरोपीय न्यायालयानं सांगितलं की हा कंपनीच्या कारभारातूनच उपजलेला वाद आहे, 'असाधारण परिस्थिती' म्हणून तिला भरपाईतून सुटता येणार नाही. २०२१ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातल्या एसएएस या विमान कंपनीच्या वैमानिकांच्या रीतसर संपालाही तेच लावलं. आपल्याकडे मात्र नियमातच संपाची सूट लिहिली आहे. रिफंड किंवा दुसरं विमान, यावरचा हक्क तेवढा कायम राहतो. मेहकरवाल्यांच्या भावानं तो मागितला होता का?

मेहकरवाला

रिफंड आला, बऱ्याच दिवसांनी. दुसरं तिकीट त्या रात्री जवळपास तिप्पट भावानं काढलं होतं. फरक कोण देणार, वकीलसाहेब? रिफंडाच्या हक्कानं मस्कत गाठता येत नाही.

आर्वीचं तिकीट सेंटर

हे खरं आहे. एक कंपनी बसली की बाकीच्यांचे भाव तासातासाला चढतात. डिसेंबर २०२५ ला इंडिगोची विमानं बसली तेव्हा सरकारनं भाड्यावर मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००. तो संप नव्हता, वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांचे नियम बदलले त्याची तयारी कंपनीनं केली नव्हती. म्हणजे मनात आलं तर भाव बांधता येतात. पण ती मर्यादा यायच्या आधी ज्यांनी काढलं त्यांचं गेलंच. माझ्याकडे वर्ध्याचं एक जोडपं आलं होतं, पोराला बंगळुरूला हजर व्हायचं होतं. शेवटी रेल्वेचं तत्काळ बघितलं, तेही मिळालं नाही.

म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, काम अडणारं असेल तर स्लीपरचं तिकीट जोडीला काढून ठेवा. विमान सुटणार याची खात्री पटली की रद्द करा. माणशी थोडे पैसे कापले जातात, उशिरा रद्द केलं तर जास्त, पण जीवाला घोर नाही.

वरुडची संत्री

थे कापलेले पैसे तुमाले लहान वाटते. चार मानसाचे किती झाले?

वैनी, एक सांगतो. १७ मार्च २०२३ पासून बायांले अर्धं तिकीट झालं तवापासून माही बायको यस्टीशिवाय जात नाही. संपाच्या टाइमले तिनं बी लय शिव्या दिल्या होत्या. आता म्हन्ते गाडी येऊ द्या, म्या उभी राहून जाईन. थे तिकीट सेंटरवाले म्हन्ते थे बरोबर आहे, भाड्यापुढं राग टिकत नाही. पन माह्या पोरीचं वर्ष मले कोनी परत देनार नाही, थे म्या इसरनार नाही.

डेपोवाली

विसरू नका. आमच्यातलेही कोणी विसरलेले नाहीत. मुलगी आता शिकते ना?

वरुडची संत्री

हाव. नर्सिंगले आहे. यस्टीनंच जाते.

दारव्ह्याचा मास्तर

वकीलसाहेब, ती संपाची सूट काढा म्हणून डीजीसीएला आणि आपल्या भागातल्या खासदारांना पत्र लिहायचं आहे. मसुदा तुम्ही कराल? वेगळ्या वाटेनं जावं लागलं तर भाड्यातला फरक कंपनीनं द्यावा, हेही त्यात घाला. सह्या मी शाळेतून आणि बाजारातून गोळा करतो.

चिखलीचा वकील

करतो. रविवारपर्यंत इथं टाकतो. क्रूला दोष देणारं एकही वाक्य त्यात नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

मेहकरवाला

मग क्रूची बाजू घेणारंही नसावं. तसं असेल तर सही करीन, भावालाही करायला लावीन. फुली मात्र तशीच राहील.

डेपोवाली

त्याच पत्रात ट्रॅव्हल्सच्या दीडपट भाड्याचंही घाला.

चिखलीचा वकील

ते परिवहन खात्याचं, वेगळं पत्र लागेल. पण लिहू.