पगार नेमके कशाने पडतात?

'बाहेरचे आले की स्थानिकांचे पगार पडतात' असं अमेरिकेतल्या स्थलांतराबद्दल सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली, त्यातली निम्मी मायामीतच राहिली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना तिथल्या पगारांवर जवळपास परिणामच दिसला नाही. (अल्पशिक्षितांबाबत दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांचं मत वेगळं आहे, तो वाद मिटलेला नाही.) येणारा माणूस भाडं देतो, किराणा भरतो, म्हणजे कामही निर्माण करतो.

मला अन्याय दिसतो तो व्हिसाच्या अटींत. एच-१बीवर, म्हणजे कुशल परदेशी कामगारांच्या मालकाशी बांधलेल्या व्हिसावर, नोकरी गेली की ६० दिवसांत नवा मालक शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत अडकलेला माणूस पगारवाढ कोणत्या तोंडाने मागणार? त्याला दाबता येतं म्हणून शेजारच्या अमेरिकनाचाही भाव पडतो. आधी नोकरी बदलायची खरी मोकळीक द्या, किती व्हिसा द्यायचे त्या कोट्याचं नंतर बोलू.