जँगोच्या रॉ पद्धतीत एका क्वेरीच्या ४०१ क्वेरी का होतात?

प्रश्न
गावच्या दूध संस्थेच्या संकलनासाठी मी जँगो (पायथॉनचे वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून अ‍ॅप लिहिले आहे. प्रत्येक सभासदाची शेवटची नोंद एका पानावर दाखवण्यासाठी नोंदींच्या मॉडेलवर (त्या टेबलाच्या पायथॉन क्लासवर) रॉ पद्धतीने, म्हणजे स्वतः लिहिलेले एसक्यूएल चालवले आणि त्यात सभासदांचे टेबल जॉइन केले. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइनवर हे काम एका क्वेरीत होते, परंतु पान उघडले की डीबग टूलबार ४०० सभासदांसाठी ४०१ क्वेरी दाखवतो. संकलन मार्गाचा कोड मी पानाच्या वेब पत्त्यातून (यूआरएलमधून) घेऊन एफ-स्ट्रिंगने, म्हणजे थेट मजकुरात जोडून, क्वेरीत भरतो. ते चालेल का?

उत्तर १
एफ-स्ट्रिंग आजच काढा, कारण पत्त्यात कोणी काहीही लिहिले तरी ते जसेच्या तसे एसक्यूएल म्हणून चालेल. कोड पॅरामीटर म्हणून वेगळा द्या.

आता मूळ अडचण. तुम्ही जॉइन केले असले तरी रॉ पद्धत त्यातून सभासदाचा ऑब्जेक्ट तयार करत नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये नोंदीवरून सभासदाचे नाव मागितले की प्रत्येक ओळीला एक नवी क्वेरी जाते. नावाच्या स्तंभाला क्वेरीतच वेगळे नाव द्या, म्हणजे तो नोंदीच्या ऑब्जेक्टवर थेट मिळेल. प्रायमरी की मात्र निवडलीच पाहिजे, आणि मॉडेलचा जो स्तंभ वगळाल तो वापरताना पुन्हा अशीच क्वेरी होईल.

उत्तर २
मला इथे रॉची गरजच दिसत नाही. पोस्टग्रेसवर ओआरएमच्या (एसक्यूएल न लिहिता पायथॉनमधून क्वेरी करण्याच्या जँगोच्या सोयीच्या) डिस्टिंक्टला स्तंभाचे नाव देता येते, म्हणजे त्या स्तंभाच्या प्रत्येक मूल्याची पहिलीच ओळ मिळते. क्रम आधी सभासदाच्या आयडीने आणि मग तारखेने उतरता लावा, सभासदाची माहिती त्याच क्वेरीत आणणारे सिलेक्ट रिलेटेड जोडा, की एकच क्वेरी राहते. दूध सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा येत असेल, तर क्रमात पाळीही घ्या, नाहीतर एकाच तारखेच्या दोन नोंदींपैकी कोणती मिळेल याचा भरवसा नाही. विंडो फंक्शन (ओळींच्या गटात क्रमांक वगैरे काढणारे) हवेच असेल, तर ते जँगो २.० पासून आहे आणि त्यावर फिल्टर ४.२ पासून लावता येतो.

प्रश्नकर्ता
डिस्टिंक्ट वापरल्यावर एकच क्वेरी उरली. पाळीचे माझ्या लक्षातच आले नव्हते. काही सभासदांची सकाळची नोंद शेवटची म्हणून दिसत होती. एका जुन्या अहवालासाठी मात्र रॉ ठेवावेच लागेल, आणि तिथे पॅरामीटर दिल्यावर कोडजवळ सिंटॅक्स एरर येते.

उत्तर १
पॅरामीटरच्या जागेभोवती तुम्ही अवतरणचिन्हे ठेवली असावीत. ती काढा, ड्रायव्हर (जँगोला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) स्वतः लावतो. त्याच क्वेरीत लाइकसाठी (मजकुराच्या नमुन्याने शोधण्यासाठी) टक्क्याचे चिन्ह असेल, तर तेही दोनदा लिहा.