गच्चीवर कुठली भाजी कधी लावायची?

पुण्यात गच्चीवर १०-१२ ग्रो बॅग आहेत. मार्चमध्ये कोथिंबीर लावली तर वीतभर व्हायच्या आत तुरे आले, जुलैत मेथी लावली ती पावसाने सडून गेली. वर्षभराचं काहीतरी गणित सांगा ना प्लीज, दरवेळी बी वाया जातं आणि खूप वाईट वाटतं.

— कोथिंबिरीला ऊन वाढलं की तुरे येणारच. ऑक्टोबर ते जानेवारी लावा, धने हलके रगडून दोन भाग करून पेरा, ८-१० दिवसांत उगवतात. मेथी, पालक, मुळा, गाजर पण तेव्हाच. एकदम सगळं नका पेरू, दर १५ दिवसांनी थोडं थोडं, म्हणजे सतत ताजं मिळतं.

— वेलभाज्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की लावायच्या, दोडका, कारलं, दुधी, काकडी, आणि परत जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. भेंडी-गवारपण याच दोन वेळेला, थंडीत भेंडी नीट उगवतच नाही हो.

— टोमॅटो, वांगी, मिरचीची आधी रोपं करा. टोमॅटोचं बी सप्टेंबरात टाकलं की २५-३० दिवसांत रोपं लावायला तयार, दसरा-दिवाळीच्या सुमारास लावायची. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात मेथीच्या नादी कोणी लागत नाही, अळू आणि लाल माठ लावा, खरंच जोरात येतात.

— खूप आभार! आता सप्टेंबर आहे तर आजच टोमॅटोचं बी टाकते. कोबी-फ्लॉवरची रोपंपण आत्ताच करायची का?

— हो, लगेच करा, महिन्याभराने मोठ्या कुंडीत, एका कुंडीत एकच.